नळराजा

बॉलकॉक हा शब्द आदरानं उच्चारणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आपण 'बॉलकॉक गेला' म्हणतो ते 'सायकल पंक्चर झाली'च्या चालीवर. काका मात्र ते ऐकून घरातलं कुणीतरी गेल्यासारखे क्षणभर थांबतात. मग हलक्या आवाजात विचारतात, "कशानं? वॉशर की दांडी?"

काका आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. सोसायटी द्वारकेत. गुजरातेतल्या नव्हे, दिल्लीतल्या. विमानतळाच्या पलीकडे, सेक्टरासेक्टरांनी वसवलेल्या. जुनी माणसं हिला अजून पप्पनकलां म्हणतात. मूळ द्वारका समुद्रात बुडाली असं पुराणं सांगतात. आमची बुडायची भीती नाही. बुडायलाही पाणी लागतं.

लग्नाला गेल्यावर काही माणसं पंगतीची व्यवस्था बघतात, काही उपवर मुली बघतात. काका टाकी कुठे आहे ते बघतात. पाहुणे म्हणून आले की चहा यायच्या आधी ते आपल्या मोरीत गेलेले असतात, आणि बाहेर येतात ते हात पुसत: "तुमच्या सिस्टर्नमधून रात्रभर पाणी जातंय. झोप लागते तुम्हाला?" आतापर्यंत लागत होती. त्या रात्रीपासून लागत नाही, कारण तो सूंऽऽ आवाज एकदा कुणी दाखवून दिला की नंतर ऐकू येत राहतो.

अशा माणसाला नळराजा हे नाव पडायला फार प्रतिभा लागत नाही. गणपतीत आमच्या इथल्या मराठी मंडळींपैकी कुणीतरी ते ठेवलं आणि ते चिकटलं. ठेवणाऱ्याला ठाऊक नव्हतं की महाभारतातल्या नळराजाचंही पाण्याशी नातं आहे. स्वयंवराच्या वेळी वरुणानं त्याला वर दिला होता, म्हणशील तिथे पाणी. पुढे तो बाहुक होऊन ऋतुपर्णाच्या पदरी राहिला, तेव्हा त्यानं नुसतं बघितलं की रिकामी भांडी भरतात, हे दमयंतीच्या दासीनं पाहिलं आणि त्याची ओळख पटली. आमच्या नळराजाला वर मिळाला तो नेमका उलटा. त्यानं नुसता हात लावला की बंद नळ वाहायला लागतो. काकूंना ओघानंच दमयंती म्हणतात. "दमलेली, म्हणून दमयंती," असा खुलासा त्या स्वतःच करतात, म्हणजे दुसऱ्या कुणाला विनोद करायला जागा उरत नाही.

हे सगळं निवृत्तीनंतरचं. त्याआधी ३४ वर्षं काका रफी मार्गावरच्या श्रमशक्ती भवनात पाण्याच्या फायली हलवत होते. पाणी त्यांच्यापुढे कायम कागदावर आलं, आणि आलं ते टीएमसीत. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, म्हणजे २८३१ कोटी लिटर. दोन राज्यांच्या भांडणातले पाच-दहा टीएमसी इकडून तिकडे गेले तरी काकांच्या टेबलावर थेंब सांडत नसे. निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी ते मेट्रोनं चावडी बाजारात गेले आणि पान्यांचा एक संच, हॅक्सॉ, सफेद्याचा डबा आणि टेफ्लॉन टेपची बारा रिळं घेऊन परतले. आयुष्यभर लग्नं जुळवणाऱ्या भटजीनं साठीला स्वतः बोहल्यावर चढावं, तसं ते झालं.

पण सोसायटीनं त्यांची कदर केली नाही. वार्षिक सभेत काका पाण्याचा विषय काढत, सचिव 'नोंद घेतली' म्हणत, आणि सभा पार्किंगकडे वळे. हा सोहळा सात वर्षं चालला. अशा माणसाला वेळीच एखादा गरजू मिळाला नाही तर तो भजनी मंडळात तरी जातो, नाहीतर निवडणुकीला तरी उभा राहतो. काकांना म्हशी मिळाल्या.

दिल्लीत अजून बऱ्याच घरांचा विश्वास पिशवीपेक्षा कासेवर आहे. सकाळी किटली घेऊन डेअरीत जायचं, डोळ्यांदेखत धार काढून घ्यायची, आणि तरीही घरी येऊन 'आज पातळ वाटतंय' म्हणायचं. द्वारकेच्या कडेला ककरोला आणि गोयला अशा दोन डेअरी-वसाहती आहेत. शहरभर विखुरलेल्या म्हशी एके ठिकाणी राहाव्यात म्हणून सरकारनं आखून दिलेले हे प्लॉट. आमच्यासारखंच सगळं, फक्त मेंटेनन्सवरून भांडणं नाहीत. काका ककरोल्याला एका चौधरीकडे जात. तीस मुऱ्हा म्हशी, काळ्या कुळकुळीत, शिंगं जिलेबीसारखी वळलेली.

एका सकाळी चौधरी टँकरवाल्याशी फोनवर भांडत होता. त्यातलं एकच वाक्य काकांच्या कानावर आलं: "आज भी पाणी ना आया!"

पाणी! ३४ वर्षं या शहरात 'पानी' ऐकून ऐकून काकांच्या कानाला शेवाळ चढलं होतं. हरियाणवी बोलीत आपल्यासारखाच खणखणीत 'ण' आहे, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. परमुलुखात गाववाला भेटावा तसे ते पुढे झाले. चौधरी म्हणाला, "ताऊ, एक खेल बणवाणी सै." काकांना वाटलं, हा पोरांसाठी मैदान वगैरे मागतोय. मग चौधरीनं बोट दाखवलं. कोपऱ्यात कुणाच्या तरी फ्लॅटच्या नूतनीकरणातून आलेला गुलाबी बाथटब होता, आणि त्यात एक म्हैस तोंड घालून उभी होती. खेल म्हणजे जनावरांचं पाणी पिण्याचं टाकं. आपल्याकडे ज्याला हाळ म्हणतात ते.

काका मूळचे माण तालुक्यातले. त्यांच्या लहानपणी विहिरीवर मोट चाले. मोटेचं पाणी थारोळ्यात कोसळे, तिथून पाटानं मळ्यात जाई, आणि वाटेत एक फाटा दगडी हाळात. ज्या तालुक्यात माणसंच पाण्याला महाग, तिथेही हाळ रिकामा ठेवायची रीत नव्हती. गुलाबी बाथटब पाहून काकांच्या पोटात जे कालवलं, ते तेव्हा कुणाला समजलं नाही. मला त्यांनी संध्याकाळी जिन्यातच गाठलं आणि म्हणाले, "म्हैस दिवसाला किती पिते?"

मी म्हणालो, "दूध?"

काकांनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, ती मी सचिवासाठी राखून ठेवलेली समजत होतो.

पुढचे आठ दिवस काका डेअरीत वही घेऊन बसले. म्हशीचे घोट मोजता येतात, हे मला त्याआधी माहीत नव्हतं. गळ्याखालची शीर हलते, त्यावरून. जनावर एका दमात मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज ओढतं. एक लिटर दुधामागे तीन-चार लिटर पाणी त्याच्या पोटात जावं लागतं. उन्हाळ्यात दुभत्या म्हशीला ८० ते १०० लिटर धरायचे, आणि त्यातलं बरंचसं ती धार काढून झाल्या झाल्या मागते. गाईच्या दुधात ८७ टक्के पाणीच असतं, म्हशीच्या दुधात ८२-८३. "म्हणजे दुधात पाणी आधी म्हैसच घालते," काका म्हणाले. "चौधरी फक्त तिचं काम पुढे नेतो." चौधरीला हे मराठीतून सांगितलं म्हणून निभावलं.

यातून काकांनी एक नवं माप काढलं. १ म्हैस म्हणजे ९० लिटर. ज्या माणसानं जन्मभर टीएमसीत विचार केला, तो म्हशीत विचार करू लागला. आणि मला कबूल केलं पाहिजे, म्हशीत विचार केल्यावर गोष्टी फार स्वच्छ दिसतात. शहरातल्या माणसाला सरकारी हिशेबानं दिवसाला १३५ लिटर पाणी हवं, म्हणजे दीड म्हैस. (सचिवाला काका तेव्हापासून 'दीड म्हैस' म्हणतात.) २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची पहिली आगगाडी गेली, १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर. सगळ्या देशानं वाहवा केली. काकांच्या हिशेबात ती साडेपाच हजार म्हशींची एका दिवसाची तहान, आणि लातूर जिल्ह्यात जनावरं किती हे विचारू नका. द्वारकेचं जलशुद्धीकरण केंद्र ५० एमजीडीचं, म्हणजे दिवसाला साडेबावीस कोटी लिटरच्या घरात. म्हणजे २५ लाख म्हशी. त्यातल्या आपल्या सोसायटीच्या वाट्याच्या किती, असं काका विचारू लागले की समोरच्याला गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

पण त्यांचा खरा शोध वेगळाच. २०१९च्या पशुगणनेत देशात गाई-बैल आणि म्हशी मिळून ३० कोटींच्या वर भरल्या. २८३१ कोटींना ३० कोटींनी भागा: डोईला ९४ लिटर. म्हणजे एक टीएमसी पाणी बरोबर देशातल्या तमाम गुरांना एक दिवस पुरतं! रात्री साडेअकराला फोन करून त्यांनी मला हे सांगितलं. त्यांचा आवाज भरून आला होता. "कोयना १०५ टीएमसीचं. साडेतीन महिने देशातलं एक जनावर तहानलेलं राहणार नाही! ३४ वर्षं मी फायलीवर 'एक टीएमसी' लिहिलं, मला कुणी सांगितलं नाही हो की त्याचा अर्थ काय!" वासरं कमी पितात, शेळ्या-मेंढ्या धरल्याच नाहीत, हे मी बोललो नाही. अशा वेळी बोलू नये.

मग चौधरीच्या टाक्याचा आराखडा आला. आधी एक, मग दुसरा. सातवा आराखडा शेवटी चौधरीच्या भिंतीवर गोंदानं चिकटला. त्यामागचं तत्त्वज्ञान काकांनी मला अनेकदा ऐकवलं आहे, आणि माझ्या मते ते कुठल्याही जलनीतीपेक्षा कमी कंटाळवाणं आहे. भरवशाचं पाणी म्हणजे पुष्कळ पाणी नव्हे. पुष्कळ पाणी टँकरमधून येतं आणि तासाभरात नाल्याला मिळतं. भरवशाचं म्हणजे जे आज येणार होतं ते न येताही उद्या प्यायला असतं. म्हणून साठा तीन दिवसांचा. तीस म्हशी, दिवसाला तीन हजार लिटर धरा, नऊ हजार लिटरची जमिनीतली टाकी: तीन मीटर लांब, दोन रुंद, दीड खोल. वाट दोन. एकच वाट असलेलं पाणी हे पाणी नव्हे, मेहेरबानी. २०१६च्या फेब्रुवारीत हरियाणातल्या आंदोलनात मुनक कालवा अडवला गेला, अर्धी दिल्ली कोरडी पडली आणि कालवा सोडवायला सैन्य धाडावं लागलं, हा दाखला काका इथे हटकून देतात. म्हणून टँकरच्या जोडीला आवारातली जुनी खारट बोअर. या भागातलं भूजल खारंच. आमच्या प्रत्येक घरात आरओ असतो आणि प्रत्येक घरात पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएसचं मीटर असतं, जसं पूर्वी थर्मामीटर असे. काकांनी ते मीटर खिशातून काढून बोअरच्या पाण्यात बुडवलं: १८००. माणसं तोंड वाकडं करतील, म्हैस करत नाही. तीन हजारांपर्यंत तिला चालतं.

आणि शेवटचं, पंपावर विसंबायचं नाही. पंपानं पाणी फक्त वर चढवायचं, उतरायचं ते आपलं आपण. "गुरुत्वाकर्षण हा एकच सरकारी नोकर असा आहे की जो रजेवर जात नाही," हे काकांचं वाक्य. ३४ वर्षं सरकारी नोकरी केलेला माणूस हे बोलतो तेव्हा ते ऐकून घ्यावं. गोठ्याच्या छपराशेजारी चार मीटर उंच मनोऱ्यावर छोटी टाकी, तिथून दोन इंची नळी थेट टाक्यात. चार मीटरवरून दाब जेमतेम मिळतो, दहा मीटरला कुठे एक किलो. म्हणून दाब वाढवण्यापेक्षा नळी जाड घ्यायची. चौधरी म्हणत होता की एक इंची पुरे. काका म्हणाले, "तुझ्या दारात तीन म्हशी एकदम पितात, मिनिटाला पंचेचाळीस लिटर. एक इंचातून येतील पंधरा. मग उरलेल्या दोघी तुझ्याकडे बघत राहतील. तुला ते बघवेल?" चौधरीला बघवलं नसतं. नळी दोन इंची आली. तिची किंमत सांगताना दुकानदारानं जे केलं त्याला आपल्याकडे 'पाण्यात म्हैस, बाहेर मोल' म्हणतात. इथे म्हैस बाहेर होती आणि पाणीच पाण्यात होतं.

उद्घाटनाला मीही होतो. काकांनी कॉक फिरवला. पाणी आलं नाही. नळीतून ढेकर दिल्यासारखा आवाज आला, मग शांतता. सगळ्या म्हशी माना वळवून बघू लागल्या. ज्ञानदेवांनी पैठणला रेड्याच्या तोंडून वेद वदवले, तेव्हा ब्राह्मणांच्या चेहऱ्यावर काय भाव असतील ते मला त्या दिवशी कळलं. फक्त इथे अवाक व्हायचं काम म्हशींकडे होतं. नळीत हवा अडकली होती. नळी मनोऱ्यावरून सरळ उतरायची सोडून मध्ये एका तुळईवरून उंटासारखी कुबड काढून गेली होती, कारण प्लंबरला तुळईखाली तोडफोड करायचा कंटाळा आला होता. आराखड्यात कुबड नव्हती. आराखड्यात प्लंबरही नव्हता.

ते दुरुस्त झालं. मग बॉलकॉक. काकांनी टाक्याच्या टोकाला छान पितळी बॉलकॉक बसवला, वर लोखंडी जाळी, जाळीला म्हशीचं शिंग अडकू नये म्हणून लांब फट. ही फट त्यांनी मनातल्या मनात पंढरपुरी म्हशीच्या मापानं काढली होती. तिची शिंगं तलवारीसारखी लांब, खांद्याच्याही मागे जाणारी. मुऱ्ह्याचं शिंग आखूड आणि गोल, म्हणजे आकडाच. पहिल्याच संध्याकाळी एका म्हशीनं त्या फटीतून शिंग घातलं, दांडी त्यात अडकली, म्हैस घाबरून मागे सरली आणि बॉलकॉक कानातल्या बुगडीसारखा मिरवत गोठाभर फिरली. काका तिच्यामागे पाना घेऊन धावत होते. चौधरी ओरडत होता, "ताऊ, लात मारेगी!" तिनं लाथ मारली नाही. काकांचा स्वभाव जनावरांना कळतो.

दुसरा बॉलकॉक प्लॅस्टिकचा बसला. म्हशींपैकी एक थोराड, शेपटीला पांढरा गोंडा असलेली, तिला असं आढळलं की तो तरंगता गोळा नाकानं दाबून धरला की पाणी थांबत नाही. मग ती रोज दुपारी दाबून धरू लागली. टाकं भरून वाहे, खाली चिखल होई, आणि ती त्यात बसे. यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. म्हशीच्या कातडीत घामाच्या ग्रंथी कमी, रंग काळा. ऊन सोसायचं तर तिला चिखल किंवा डबकं हवंच. पूर्वी या भागातल्या पोचनपूर, अंबरहाईसारख्या गावांना जोहड होते, म्हणजे तळी, आणि दुपारी त्यांत नुसत्या म्हशींच्या नाकपुड्या दिसत. शहर आलं, बरेच जोहड बुजले; एखाददुसरा रहिवाशांनी खटपट करून पुन्हा जिवंत केला आहे, तिथे आता सकाळी लोक चालायला जातात. पांढऱ्या शेपटीच्या त्या बाईनं आपला जोहड आपण तयार केला. काकांनी तिला आठवडाभर व्याख्यानं दिली. अखेर टाक्याच्या टोकाशी वेगळा कप्पा करून, बॉलकॉक आत ठेवून, वर शहाबादी फरशी टाकावी लागली.

मनोऱ्यावरची काळी प्लॅस्टिकची टाकी एप्रिलमध्ये बंबासारखी तापली. म्हशींनी तोंड लावलं, वरचा ओठ उचलला आणि काकांकडे पाहिलं. टाकीला चुना फासला, गोणपाट गुंडाळलं, वर गवताची झडप घातली. टाक्यात शेवाळ धरलं. हे सगळं होत असताना काकांच्या स्वयंपाकघरातला नळ गळतच होता. तीन वर्षं. त्याखाली काकूंनी एक पातेलं ठेवलं आहे, ते भरलं की त्या कुंड्यांना घालतात. एकदा मी विचारलं, "काकू, काका घरचा नळ का नाही बघत?" त्या म्हणाल्या, "मी पुढच्या जन्मी मुऱ्हा व्हायचं म्हणतेय. निदान माझा बॉलकॉक तरी बदलतील."

चौधरीची आई ऐंशीच्या पुढची. ती या सगळ्या काळात खाटेवर बसून हुक्का ओढत बघत होती आणि काही बोलत नव्हती. पहिल्यांदा बोलली ती पाचव्या आराखड्याच्या वेळी. काकांनी एकच लांब टाकं काढलं होतं. म्हातारी म्हणाली, दोन पाहिजेत, आणि एकमेकांपासून लांब. का? तिनं काठीनं पांढऱ्या शेपटीवालीकडे खूण केली. ती टाक्यापाशी आडवी उभी राहते आणि तिचं पिऊन झालं तरी हलत नाही. धाकट्या दोन म्हशी तिच्या धाकानं तहानलेल्याच गव्हाणीकडे जातात. म्हातारी म्हणाली, सासू एका चुलीशी असते, सुनेला दुसरी चूल पाहिजे. काकांच्या वहीत घोटांचे आकडे होते. कुणाच्या घशाखाली एक घोटही जात नव्हता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं होतं. सहाव्या आराखड्यात दोन टाकी आली.

मग आणखी एक कळलं. काका सकाळी आठला डेअरीत पोचत. म्हातारी पहाटे चारला, धार काढायच्या आधी, काठी टेकत दोन्ही टाक्यांपाशी जाई आणि प्रत्येकात कोपरापर्यंत हात घाली. पाणी गार आहे का, बुळबुळीत लागतंय का, तळाला काही मेलंय का, आणि फरशीखाली सूंऽऽ आवाज येतोय का. अमावस्येला ती टाकी रिकामी करून घासायला लावी आणि आतून चुना मारून घेई. ही गोष्ट ती लग्न होऊन आल्यापासून करत होती. आधी गावाच्या जोहडाशी, मग सिमेंटच्या हौदाशी, मग त्या गुलाबी बाथटबशी. नंतर बॉलकॉक तीनदा बिघडला तो तिन्ही वेळा तिनंच पकडला. काकांनी आठ वाजता येऊन फक्त कारणं सांगितली.

२०२४चा मे-जून दिल्लीकर विसरायचे नाहीत. २९ मेला मुंगेशपूरच्या वेधशाळेच्या यंत्रानं ५२.९ अंश दाखवले. दोन-तीन दिवसांनी सांगण्यात आलं की यंत्र तीन अंश जास्त दाखवत होतं. काकू म्हणाल्या, "बरं, तीन अंश परत केले. उरलेले एकोणपन्नास कुठे ठेवायचे?" आणि त्या उन्हातच पाण्याची टंचाई आली. आमच्या सोसायटीत टँकर एक दिवसाआड, मग दोन दिवसांआड. लिफ्टमध्ये भेटलेली माणसं एकमेकांना 'आंघोळ झाली का' विचारू लागली, पूर्वी 'जेवण झालं का' विचारत तसं. टाकी एका दिवसाची, वाट एक. सात वर्षं घेतलेल्या नोंदी इतिवृत्तात कोरड्या पडून होत्या.

तिसऱ्या दिवशी सचिव ककरोल्याला आला. गाडीच्या डिकीत वीस-वीस लिटरचे चार जार. खारट का होईना, संडासापुरतं द्या म्हणाला. मी तिथे होतो, किटली घेऊन. काका उठून उभे राहिले. सात वर्षं मनात घोळवलेलं भाषण आता येणार म्हणून मी किटली खाली ठेवली. पण काकांच्या तोंडून शब्दच फुटेना. समोरचा माणूस खरोखरच घामानं निथळत होता. काकांनी त्याच्या हातातले दोन जार घेतले आणि निघाले टाकीकडे.

म्हातारीनं काठी आडवी धरली. "पहले भैंस," ती म्हणाली.

तीस म्हशी पिऊन होईस्तोवर सचिव उन्हात उभा होता. पांढऱ्या शेपटीवालीनं त्या दिवशी फार वेळ घेतला. मग त्याला चार जार मिळाले, म्हणजे काकांच्या मापानं एका म्हशीलाही दहा लिटर कमी.

त्या पावसाळ्यात भिंतीवरचा सातवा आराखडा ओल धरून निघाला, म्हणून काकांनी आठवा काढला. त्यात दोन वाटा आहेत, तीन दिवसांचा साठा आहे, दोन इंची नळी विनाकुबड आहे, आणि दोन टाक्यांच्या मधोमध पेन्सिलनं एक छोटी आकृती काढली आहे, हातात काठी. काकांना चित्र येत नाही, त्यामुळे ती विजेच्या खांबासारखी दिसते. बाजूला बाण काढून त्यांनी अक्षर घोटून लिहिलं आहे: 'रोज प. ४'. माझं मत विचाराल तर ३४ वर्षांत श्रमशक्ती भवनातून बाहेर न पडलेली टीप ती हीच.

आमच्या सोसायटीच्या टाकीचं काम यंदा निघालं आहे. समितीवर काका आहेत. घरचा नळ अजून गळतो.

तर आता कामाचं बोलतो. ककरोल्याच्या दुसऱ्या टाक्यातला प्लॅस्टिकचा बॉलकॉक पुन्हा गेला आहे, दांडी. काकांना पितळी हवा आहे, पाऊण इंची, जुन्या घडणीचा, तांब्याचा गोळा असलेला. चावडी बाजार पालथा घालून झाला. तिथे सगळे आता प्लॅस्टिकच पुढे करतात. जुने वाडे पाडताना पुण्या-साताऱ्याकडे असे निघतात म्हणे. वाचकांपैकी कुणाच्या माळ्यावर पडला असेल तर फेकू नका, दिल्लीला येणाऱ्या कुणाच्याही हाती पाठवा. वॉशर नसला तरी चालेल. वॉशर काकांकडे दोनशे आहेत.